दोन हात चऱ्हाट

हँडबॉलबद्दल माझं सगळं ज्ञान एका प्रश्नात मावत होतं आणि तो प्रश्न मी भर सभेत विचारला.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. जुन्या पाट्यांवरचं 'उस्मानाबाद' खरवडून रंगारी नवं नाव घालत होते. कचेऱ्या भाड्याच्या घरांत भरत होत्या. आमच्या क्रीडा खात्याच्या साहेबांचं टेबल ज्या खोलीत होतं, तिथल्या फडताळातून घरमालकीण अधूनमधून येऊन लोणच्याची बरणी घेऊन जायची. नव्या जिल्ह्याला सगळं नवं पाहिजे होतं, त्यात प्रत्येक खेळाचा एक संघसुद्धा. त्यासाठी आम्हा शारीरिक शिक्षणाच्या मास्तरांना बोलावलं होतं. कबड्डी, खो-खो, कुस्ती यांवर सगळ्यांनी उड्या टाकल्या. 'हँडबॉल, महिला' असं साहेबांनी वाचलं तेव्हा प्रत्येकजण आपापल्या चपलांकडे बघायला लागला.

मी विचारलं, "एका बाजूला किती खेळाडू असतात, साहेब?"

"सात," साहेब म्हणाले. "तुम्हाला रस दिसतोय. यांचं नाव घ्या लिहून."

असा मी जिल्ह्याचा हँडबॉलचा प्रशिक्षक झालो.

मी मूळचा नांदेडचा. बदली होऊन इथं आलो तेव्हा बायको आणि दीड वर्षाची मुलगी यांना आणायचं ठरलं होतं. बायको एकदा येऊन बघून गेली. तिनं न्हाणीघर बघितलं, रिकामे हंडे बघितले, अंगणातल्या आडात वाकून बघितलं. मग म्हणाली, "नांदेडला निदान गोदावरी तरी आहे. पाऊस पडला की येते." दुष्काळाचं ते दुसरं वर्ष होतं. त्यामुळे मी एका लिंगायत आडत्याच्या घरी मागची खोली घेऊन एकटा राहायचो आणि शनिवारी दुपारच्या एस.टी.ने नांदेडला जायचो. आठवड्याचे बाकीचे पाच दिवस माझ्याशी बोलणारं माणूस म्हणजे घरमालकीण. तिला सगळी गल्ली अक्का म्हणायची, म्हणून मीही म्हणायचो.

खेळ कळावा म्हणून मी नियमांचं एक पुस्तक मिळवलं आणि एक वही केली. वहीवर ठळक अक्षरांत लिहिलं : राष्ट्रीय महिला संघ, कामगिरी. आत रकाने आखले. कुणाशी सामना, आपले गोल, त्यांचे गोल, शेरा. आपल्या देशाच्या मुली कुठं खेळतात, कशा खेळतात, हे ठाऊक असलं म्हणजे आपल्या मुलींना काही सांगता येईल, असा माझा हिशेब. पण बातमी मिळणं कठीण. वर्तमानपत्रात शेवटच्या पानाच्या तळाला, बियाण्याच्या जाहिरातीच्या वर, एक ओळ यायची. ती ओळ वाचणारा सबंध मराठवाड्यात मी एकटाच असेन, असं मला खोलीत बसल्या बसल्या वाटायचं. पहिली ओळ सापडली तेव्हा आनंदाच्या भरात मी ती ब्लेडनं कापून वहीत डकवली. ते वर्तमानपत्र घरमालकांचं होतं आणि त्या ओळीच्या मागच्या बाजूला तुरीचे भाव होते. दुसऱ्या दिवशी घरमालक पेपराच्या भोकातून माझ्याकडे बराच वेळ बघत बसले. त्यानंतर मी हातानं उतरवून घ्यायला लागलो.

उतरवायला फारसं काही नसायचंच. आमचा राष्ट्रीय संघ हरायचा. परदेशात गेला की हरायचा, घरी पाहुणे आले तरी हरायचा. शेऱ्याच्या रकान्यात मी 'चांगली झुंज' असं लिहायचो. झुंज मी पाहिलेली नसायची, पण रकाना रिकामा सोडणं बरं दिसेना.

मैदान शाळेच्या मागं होतं. काळी जमीन. दुष्काळात तिला अशा भेगा पडल्या होत्या की पहिल्या दिवशी चेंडू एका भेगेत जाऊन अडकला आणि तो आम्ही खुरप्यानं उकरून काढला. मुरूम टाकून भेगा बुजवल्या. बारा मुली जमल्या, त्यातली एक औशाहून रोज सकाळी एस.टी.ने यायची. अकरावीत होती. वडील औशाच्या बाजार समितीत मापाडी, म्हणजे धान्य तोलून देणारे. मुलगी डावखुरी होती. डावखुरी म्हणून मी तिला सहा महिने डाव्या बाजूला खेळवलं. मग पुस्तकाचं पुढचं पान वाचलं तेव्हा कळलं की डावखुऱ्या खेळाडूला उजवीकडं ठेवायचं असतं, तिथून हाताला गोल मोकळा दिसतो. मी गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, "आता तुझी तयारी झाली, आजपासून उजवीकडं." तिनं मान डोलावली. त्या दिवसापासून तिला थांबवणं आमच्या गोलरक्षक मुलीला जमलं नाही.

हँडबॉलमध्ये गोलाच्या पुढं सहा मीटरवर एक अर्धगोल रेघ असते. तिच्या आत फक्त गोलरक्षकानं पाय ठेवायचा. बाकीच्यांनी रेघेबाहेरून उडी मारायची, हवेत असतानाच चेंडू फेकायचा, मग आत पडलं तरी चालतं. सगळा खेळ त्या रेघेवर आहे. ही मुलगी रेघेला अगदी चिकटून पाय टाकायची, उडायची, वर गेल्यावर क्षणभर थांबल्यासारखी वाटायची आणि डाव्या हातानं चेंडू सोडायची.

सोमवारी सगळ्या मुली विचारायच्या, "सर, आपण जिंकलो का?"

आपण म्हणजे देश.

"हरलो."

"कितीनं?"

इथं मी थोडी सूट द्यायचो. दहानं हरलो असलो तर सातनं सांगायचो. सकाळच्या वेळी पोरींना कशाला पूर्ण आकडा सांगा. एकदा त्या डावखुरीनं वही मागितली, बोट ठेवून ओळ वाचली आणि म्हणाली, "सर, यात तर जास्त दिसायलंय."

"ते... नंतर दुरुस्त होऊन आलं."

"मापाड्याची पोरगी हाय सर मी," ती वही परत देत म्हणाली. बाकीच्या हसल्या. तिनं मात्र पुन्हा विचारलं, "यात नाव येण्यासाठी काय करावं लागतं?"

"राष्ट्रीय शिबिरात निवड व्हावी लागते."

"ते कधी असतंय?"

चैत्रात नांदेडला विभागाची निवड चाचणी होती. दोघींना शिबिरासाठी निवडणार होते. वयाची अट अशी की तिला ही पहिली आणि शेवटचीच संधी. तेव्हापासून तिला दुसरं काही दिसेना आणि खरं सांगायचं तर मलाही. तिच्या घरून परवानगी आणायला मी गेलो नाही, तीच घेऊन आली. बापानं एवढंच विचारलं होतं म्हणे, की मास्तर कसा आहे. तिनं सांगितलं, चांगला आहे, पण आकडे कमी करून सांगतो.

रेघ मी फक्कीनं आखायचो. वारा सुटला की पांढरी भुकटी उडून जायची, म्हणून दर आठवड्याला नव्यानं. त्यासाठी एक काथ्याचं चऱ्हाट बनवलं होतं. त्याच्या एका टोकाला फास. तो गोलाच्या खांबापाशी ठोकलेल्या खुंटीत अडकवायचा. फास घसरू नये म्हणून त्यावर सायकलच्या ट्यूबची काळी पट्टी आवळून बांधली होती. फासापासून सहा मीटरवर लाल चिंधी, नऊ मीटरवर दुसरी. खुंटीत फास, हातात चिंधी, गोल फिरत जायचं. खरं तर या कामाला दोन माणसं लागतात. पण रविवारी संध्याकाळी नांदेडहून परतल्यावर मैदानात कोण असणार. खोलीत जाऊन कुलूप उघडण्यापेक्षा रेघ आखणं मला बरं वाटायचं.

पौषात आडाचं पाणी खाली गेलं. पोहरा तळाला पोचेना. गल्लीत ज्याच्या त्याच्या पोहऱ्याच्या नाड्याला तुकडे जोडलेले दिसायला लागले. कुणी धोतराची किनार जोडली, कुणी बैलाचं दावं. एका सोमवारी अक्का दारात येऊन म्हणाल्या, "सर, तुमी गावाला गेल्ते, तुमच्या चऱ्हाटाचं दोन हात घेतलंय मी आडाला. रागावू नका."

"अहो घ्या की अक्का," मी म्हणालो. "चऱ्हाटच ते. पुन्हा लागलं तर पुन्हा घ्या."

त्या खूश झाल्या आणि दोन गरम भाकऱ्या आणून दिल्या. आपण किती मोठ्या मनाचे, असं वाटून मी दोन्ही खाल्ल्या. मनात गृहीत धरलं की नऊ मीटरच्या पुढं जी शेपटी लोंबत होती, तीच कापली असणार. शहाणं माणूस शेपटीच कापणार.

पुढचे तीन महिने मी त्याच चऱ्हाटानं रेघ आखली. पेनल्टीसाठी सात मीटरवर मी एक वीट जमिनीत पुरली होती. एक दिवस ती वीट रेघेपासून फार लांब वाटायला लागली. शंका यायला ती जागा फार चांगली होती. पण मी विचार केला, जमीन भेगाळली, वीट सरकली असेल. आणि मी वीट उकरून पुढं घेतली.

चाचणीच्या आदल्या संध्याकाळी, वहीत पुढच्या स्पर्धेसाठी कोरं पान काढून, उजव्या बाजूच्या खेळाडूच्या जागी तिचं नाव लिहिलं. शाईनं.

नांदेडच्या मैदानावर माझी बायको मुलीला कडेवर घेऊन बघायला आली होती. मी तिच्या शेजारी बसलो, मांडीवर वही. निवड करणारे गृहस्थ जाडजूड होते, गळ्यात शिट्टी. आमच्या मुलीनं पहिला चेंडू घेतला, तीन पावलं, उडी, हात. चेंडू जाळीत गेला. मी बायकोकडं बघितलं. तेवढ्यात शिट्टी वाजली. गोल नाही. उडी घेतानाच पाय रेघेच्या आत पडला होता.

दुसऱ्यांदा तसंच. तिसऱ्यांदा तसंच. मी उभा राहून ओरडलो, "रेघ बघ, रेघ." तिनं वळून माझ्याकडं बघितलं. मग रेघेकडं. मग गोलाकडं. चौथ्या वेळी ती बरीच मागून उडाली आणि चेंडू गोलरक्षकानं सहज, टप्प्यावर, दोन्ही हातांनी घेतला. त्यानंतर तिचा एकही चेंडू जागेवर पडला नाही. अंतराची सवय हातात असते. एका दुपारीत ती बदलत नाही.

"हात फार चांगलाय," शिट्टीवाले गृहस्थ मला म्हणाले, "पण पायाला शिस्त नाही. मास्तरांनी रेघ शिकवायला पाहिजे होती." दोन नावं वाचली गेली. तिचं नव्हतं.

बायको म्हणाली, "ती रडत कशी नाहीये?" मी वही मिटली.

परतीच्या एस.टी.त मी तिच्या शेजारच्या बाकावर बसलो आणि अहमदपूर येईपर्यंत तिला समजावलं. म्हणजे झापलं. घाबरायचं नसतं, मोठ्या मैदानावर डोकं ठिकाणावर ठेवायचं असतं, चार महिन्यांची मेहनत एका दुपारीत घालवलीस. ती खिडकीबाहेर बघत होती. अहमदपूरला एवढंच म्हणाली, "सर, पाणी पिऊन येते."

एरवी माझी बादली अक्काच भरून ठेवायच्या; दुसऱ्या दिवशी सकाळी ती रिकामी होती, म्हणून आंघोळीसाठी मी स्वतः आडावर गेलो. पोहरा सोडला. रहाट कुरकुरत होता, नाडा हातातून सरसरत जात होता, तुकड्यामागून तुकडा, गाठीमागून गाठ. आणि एका ठिकाणी तळव्याला काहीतरी गुळगुळीत लागलं. मी थांबवून बघितलं. सायकलच्या ट्यूबची काळी पट्टी.

अक्कांनी शेपटी कापली नव्हती. त्यांनी फासाकडचे दोन हात, म्हणजे जवळजवळ मीटरभर, घेतले होते, कारण पट्टीमुळे ते टोक मजबूत होतं, आणि प्रामाणिक बाई असल्यानं उरलेल्या चऱ्हाटाला तसाच दुसरा फास मारून ते अंगणाच्या कोपऱ्यात त्याच्या जागेवर ठेवलं होतं. माझी सहा मीटरची रेघ तीन महिने पाच मीटरवर होती, वर चार बोटं. मी तो नवा फास, पट्टी नसलेला, दर रविवारी स्वतःच्या हातानं खुंटीत अडकवत होतो.

पोहरा तसाच लोंबत होता. मागून अक्का म्हणाल्या, "सर, काय बघायलात? बेडूक हाय का?"

"काही नाही," मी म्हणालो आणि पाणी ओढलं.

त्या शिट्टीवाल्या गृहस्थांना मी पत्र लिहिलं, सगळं सांगितलं, मुलीला पुन्हा संधी द्या म्हणून विनवलं. पत्रात चऱ्हाट, आड, अक्का, पोहरा, सगळं आलं. उत्तराचं पोस्टकार्ड यायला पंधरवडा लागला. चाचणी झाली, यादी गेली, आणि मास्तरांनी टेप विकत घ्यावी, असं त्यात होतं.

मग तिला सांगणं राहिलं. मुलगी मैदानावर येतच नव्हती. एका आठवड्यात मी नांदेडला न जाता रविवारी औशाची बस धरली. बसमध्ये वाक्यं पाठ केली. घर किल्ल्याच्या बाजूला, एका बोळात होतं. मापाडी दारातच बसले होते.

"या सर, या. माय, सरांना पाणी दे," त्यांनी आत लेकीला हाक दिली.

तिनं तांब्या आणला. काठोकाठ भरलेला. त्या दिवसांत पाहुण्याला अर्धा तांब्या देण्याची पद्धत झाली होती. मी तो धरून बसलो.

"लई वाईट वाटलं आसंल तुमाला," मापाडी म्हणाले. "पोरगी सांगत व्हती, सर लई झटले. आता नशिबात न्हाई तर न्हाई. तुमी मनाला लावून घेऊ नका."

मी वाक्य सुरू केलं, "त्याचं काय झालं..."

"आमच्या धंद्यात बी आसंच हाय," ते म्हणाले. "रोज सकाळी पयलं पोतं यायच्या आदी रिकामा काटा बगायचा. तीस साल झाले. एक दिस न्हाई चुकवला. काल बरोबर व्हता म्हून आज बरोबर आसतोय का?"

"नसतो," मी म्हणालो आणि पाणी पिऊन टाकलं. मग चहा आला, मग पोहे आले. मी नव्या जिल्ह्यातल्या रस्त्यांबद्दल बोललो. देवणीच्या बैलांबद्दल बोललो, ज्यातलं मला शिंगांपलीकडं काही कळत नव्हतं. तासाभरानं उठलो. ज्यासाठी आलो होतो ते तसंच पाठ होतं.

"माय, सरांना स्टँडपर्यंत सोड," मापाडी म्हणाले.

ती स्टँडपर्यंत आली. बस लागलेली होती. मी पायरीवर पाय ठेवला तेव्हा म्हणाली, "सर, रेघ बरोबर करा. बाकीच्या पोरी हायेत आजून."

मी पाय खाली घेतला. "तुला कधी कळलं?"

"तिथंच. तिसऱ्या शिट्टीला. मी रेघेपासून गोलापर्यंत नजरेनं मोजलं."

"मग तिथंच का नाही बोललीस?"

"सगळ्यांसमोर? तुमच्या मंडळी बसल्या होत्या. तुम्ही वही घेऊन बसला होतात."

माझ्या तोंडून जे निघालं त्याची मला आजही लाज वाटते. मी म्हणालो, "अक्कांनी चऱ्हाट कापलं होतं."

"अक्कांनी कापलं," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "पण तुम्ही मोजलं नाही ना, सर."

"नाही मोजलं. चूक माझी. बसमध्ये तुला बोललो, तेही माझंच चुकलं."

"हाव," ती म्हणाली. माफ केलं असं म्हणाली नाही, नाही केलं असंही म्हणाली नाही. कंडक्टरनं दोनदा घंटी मारली. मी खिडकीतून बघितलं तेव्हा ती पाठमोरी चालत होती, सरळ, एका लयीत, काहीतरी मोजत असल्यासारखी. कदाचित ते मला वाटलं असेल.

लातूरला उतरून मी एका नव्या कचेरीतल्या कारकुनाकडून पोलादी टेप मागून आणली आणि दिवस मावळायच्या आत नवी रेघ आखली. टेपचं एक टोक विटेखाली दाबलं, दुसरं धरून गोल फिरलो. पेनल्टीची वीटही मागं नेली. सोमवारी मुली म्हणाल्या, "सर, लांब झाली की."

"होती तिथंच गेली," मी म्हणालो. मग सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत, हे मला फार जड गेलं. त्यानंतर कुणी कितीनं हरलो विचारलं की पूर्ण आकडा सांगायला लागलो.

अक्कांना मी कधी सांगितलं नाही. पण पाऊस पडेपर्यंत माझं पाणी मीच ओढलं, आणि रोज सकाळी ती काळी पट्टी माझ्या तळव्यातून खाली जायची आणि पाण्याबरोबर वर यायची.

वही मी पुढंही चालू ठेवली. आमचा राष्ट्रीय महिला संघ पुढंही हरत राहिला. मधूनच एखाद्या लहानशा देशाला हरवायचा, तेव्हा मी लाल शाई वापरायचो. आणि एक खोड लागली, जी मी बायकोलाही सांगितली नाही. प्रत्येक सामन्याच्या खाली, पेन्सिलनं, मी आपल्या गोलांत चार मिळवून बघायचो. उजव्या बाजूच्या डावखुरीचे चार. फार कमी धरले असं नाही, फार जास्तही नाही. चार मिळवूनही आपण बहुतेक वेळा हरायचोच. त्यानं मला बरं वाटायचं आणि बरं वाटल्याबद्दल वाईट वाटायचं. पण एक सामना असा आला की आपण तीननं हरलो होतो. तो आकडा मी दोनदा तपासला. पेन्सिल ठेवून दिली, दिवा मालवला, आणि त्यानंतर ती बेरीज कधी केली नाही.

बायको पावसानंतर आली. पण तोवर मला एकट्यानं जेवायची सवय अशी लागली होती की ताट घेऊन मी भिंतीकडं तोंड करून बसायचो. तिनं मला खांद्याला धरून वळवलं.

डावखुरी पुढं शिक्षिका झाली, खेळाचीच, देवणीकडच्या एका शाळेत. हे मला दुसऱ्यांकडून कळलं. मी निवृत्त झाल्यावर एकदा एका लग्नाला त्या बाजूला गेलो होतो. अक्षता पडल्यावर जेवणाची पंगत बसेपर्यंत वेळ होता. विचारत विचारत शाळा गाठली. सुट्टीचा दिवस होता, फाटक नुसतं लोटलेलं. मागं मैदान, हँडबॉलचे गोल, ताजी फक्की. मी खिशातून टेप काढली. हो, मी लग्नालाही टेप घेऊन जातो. एक टोक खांबाशी विटेखाली दाबलं आणि वाकून, गुडघे धरत, रेघेपर्यंत गेलो.

"ओ काका," पाण्याच्या टाकीमागून शिपाई आला. "काय मोजायलात?"

"काही नाही," मी म्हणालो. "बाई आहेत का?"

"सुट्टी हाय आज. सोमवारी या. नाव काय सांगू?"

"नको. नाव नको."

तो उभाच होता, म्हणून मी टेप गुंडाळायला लागलो. पण आकडा बघून घेतला होता. सहा मीटर बरोबर होतं. बोटभर जास्तच.